पोळी १० ची १२ झाली, आणि ती आमच्याच पोरांनी वाढवली (एका पोळीभाजी केंद्राचा रिव्ह्यू)

लालबाग-करीरोड पट्ट्यातल्या लोकांना मी कुठल्या पोळीभाजी केंद्राबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला उद्या संध्याकाळी परत त्याच खिडकीवर उभं राहून डबा घ्यायचाय. अकरा बायका, तळमजल्यावरचे दोन गाळे एकत्र केलेली जागा, रस्त्याकडे एक खिडकी, खिडकीत जीपेचा तो बोलका डबा, आणि वर पाटी. आमच्याकडे गेली चार वर्षं रात्रीचं जेवण आठवड्यातून चार दिवस तिथूनच येतं, बायको शिफ्टमध्ये आणि मला फक्त अंडी आणि मॅगी येतं त्यामुळे. म्हणजे हा एकदा जाऊन फोटो काढून लिहिलेला रिव्ह्यू नाही, भरपूर मीठ खाल्लंय त्यांचं.

आधी खाण्याचं सांगतो. घडीची पोळी एक नंबर. पदर सुटतात, सकाळची पोळी रात्री वातड होत नाही, आणि बाकी ठिकाणी मैदा मिसळून जी पांढरीफटक पोळी देतात ना तसला प्रकार इथे नाही. थाळी ९० ला, तीन पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, कोशिंबीर. भाज्यांमध्ये मात्र नशिबाचा भाग आहे, कोण आज भाजीला आहे त्यावर. निम्म्या बायका कोकणातल्या, निम्म्या सातारा-सांगलीकडच्या, त्यामुळे शुक्रवारी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि तांदळाची भाकरी, बुधवारी पिठलं, खर्डा आणि ज्वारीची भाकरी, आणि या दोन दिवशी साडेसातनंतर गेलात तर काहीही मिळत नाही, खिडकी बंद. सोमवारचं वरण पातळ असतं, हे मी चार वर्षं सांगतोय आणि चार वर्षं मला "हो का, बघते हां" असं उत्तर मिळतंय. फ्लॉवर-बटाट्यात तेल जास्त. उकडीचे मोदक गणपतीत मिळतात, पण ऑर्डर आठ दिवस आधी आणि २१ च्या खाली घेत नाहीत.

भाकरी जमलं तर तिथेच उभं राहून खा, घरी नेऊन काही अर्थ नाही. खिडकीतून आत बघितलं की भाकरीवाल्या मावशी दिसतात, गरम पाण्यात मळलेला गोळा परातीत घेऊन थापतात तो आवाज रस्त्यावर येतो, गोळा हातात फिरतोय आणि भाकरी परातीतच मोठी होतेय, मग उचलून तव्यावर, पिठाची बाजू वर, आणि त्यावर पाण्याचा हात फिरवला की चर्र. पाणी सुकायच्या आत उलटायची नाही आणि जास्त सुकली तर चिरते, तेवढ्या दोन-चार सेकंदांचा सगळा खेळ आहे.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. आमची कन्या सातवीत. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या पोरांना १० दिवस दप्तराविना बाहेर पाठवायचं, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे काम बघायला आणि करायला, असं म्हटलंय. बऱ्याच शाळा ते दहा दिवस फॅक्टरी-व्हिजिट नावाची पिकनिक करून उरकतात. आमच्या शाळेतल्या कार्यानुभवाच्या बाईंनी जरा डोकं चालवलं आणि शाळेपासून सात मिनिटांवर असलेल्या या केंद्राला विचारलं. २४ पोरं, सहा-सहाच्या चार तुकड्या, दुपारी दोन ते चार, कारण त्या वेळात सकाळच्या ऑर्डरी संपलेल्या असतात आणि संध्याकाळची तयारी चालू व्हायची असते.

पहिली यादी शाळेकडून गेली त्यात २४ पैकी २४ मुली!! मुलग्यांना कुठल्यातरी मोटर गॅरेजला पाठवायचं ठरलं होतं म्हणे. केंद्राच्या मोठ्या ताईंनी यादी वाचली आणि बाईंना फोन करून सांगितलं की अर्धे मुलगे पाठवा, नाहीतर कुणीच पाठवू नका, आमच्या घरी पण मुलगे आहेत आणि ते जेवतात. बाईंना वाईट वाटलं नाही, उलट त्यांनीच मला हे हसत सांगितलं. मग बारा मुलगे, बारा मुली.

खरं सांगायचं तर मला सुरुवातीला हे अजिबात पटलेलं नव्हतं. डोक्यात पहिलं हेच आलं की आता ही पोरं फुकट मटार सोलणार आणि पाकिटं भरणार. बालमजुरीचा १९८६ चा कायदा, २०१६ ला दुरुस्त झाला त्यानंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला लावता येत नाही, फक्त शाळेनंतर घरच्या धंद्यात मदत वगैरे एक-दोन अपवाद आहेत, आणि आमची पोरं बारा-तेराची. हे मी पालकसभेत बोललो पण, म्हटलं शिकणं आणि राबणं यात रेघ कुठे. तर केंद्राने खरोखरच रेघ मारली होती. पिवळ्या ऑइलपेंटने, जमिनीवर, ओट्यापासून चार फुटांवर, तिच्या पलीकडे तवा, कढई, शेगडी, आणि पोरांनी ती ओलांडायची नाही. दुसरा नियम, पोरांनी लाटलेली पोळी विकायची नाही, ती पोरांनीच चारच्या चहाला खायची. नकाशांचे सगळे जोक मारून झाले पण खाल्ल्या सगळ्यांनी, कारण भाजणार मावशी. तिसरा, नखं कापलेली, डोक्याला टोपी, आणि खोकला असेल तर घरी. हे नियम शाळेने नाही, बायकांनी घातले. तरी माझी शंका पूर्ण गेली नाही, कारण लेबलं पोरं लावत होती आणि ती पाकिटं विकली जात होतीच, पण दोन तासांत २०-२५ लेबलं, ठीक आहे, सोडून दिलं.

बाकी पोरांनी काय केलं, तर मेथी निवडली, कोथिंबीर निवडली, वजनं केली, ऑर्डरी वहीत उतरवल्या. वजनांवरून एक गंमत झाली. या पोरांना शाळेत दुपारी पोषण आहार मिळतो, आणि बाईंनी त्यांना फळ्यावर लिहून दिलं होतं की सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्राम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्राम प्रोटीन मिळायला हवं असा सरकारी हिशोब आहे. पोरांनी काट्यावर १५० ग्राम तांदूळ मोजून घेतले आणि नुसते बघत बसले, कारण वाटीत तो ढीग बराच मोठा दिसतो. मग केंद्राची ९० ची थाळी मोजायला घेतली. पोळी-भात मिळून धान्य भरलं, पण डाळ मोजली तर सोमवारचं ते वरण!! माझ्या चार वर्षांच्या तक्रारीला ज्यांनी दाद दिली नाही त्यांना सातवीतल्या एका मुलाने सांगितलं, मावशी यात प्रोटीनच नाहीये. पुढच्या सोमवारी वरण घट्ट. दोनच सोमवार टिकलं ते, मग परत पातळ, पण आता मंगळवारी मटकीची उसळ आली आहे, ती बरी आहे.

आता खरा किस्सा. बाईंनी गणिताचा भाग म्हणून पोरांना काम दिलं होतं, एका पोळीला खरा खर्च किती येतो ते काढा. पोळी तेव्हा १० ला होती. पोरांनी एक किलो कणकेच्या पोळ्या मोजल्या, ३२ निघाल्या. गहू आणि दळण मिळून किलोला ५० धरले, म्हणजे पोळीमागे दीड रुपयाच्या थोडं वर. तेल ४० पैसे, गॅस ६० पैसे, मीठ-पिठी १० पैसे, कागद-पिशवी ५० पैसे. भाडं, लाईटबिल आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार हे सगळं रोजच्या ४५० पोळ्यांवर वाटलं ते पावणेदोनच्या आसपास आलं. झाले पाच रुपये. त्यावर लाटणावळ नगाला तीन, लाटणारी आणि भाजणारी दोघींत. आठ. उरले दोन, ते फंडात जातात, त्यातून दिवाळीला सगळ्यांना सारखं वाटप. कन्या घरी येऊन म्हणाली, बाबा, वीस टक्के प्रॉफिट आहे मावशींना, मस्त चाललंय.

दुसऱ्या दिवशी तिच्याच तुकडीतल्या एका मुलाने विचारलं, मावशी, भांडी घासायचे पैसे कुठे लिहायचे?

म्हणे कुणी काही बोललंच नाही. मग एक मावशी म्हणाली, ते नाही लिहायचं, ते असंच करतो आम्ही. पोरगा ऐकेना, कारण त्याच्या तक्त्यात "मजुरी" असा रकाना होता आणि त्यात एकच ओळ भरलेली. मग पोरांनी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून दोन दिवस नुसती वेळ मोजली. परातींचं घासणं, ओटा, फरशी, टाकी, सहा जणी रोज ४० मिनिटं, म्हणजे चार तास. सकाळी दादरला भाजी आणायला दोघी जातात, दोन-दोन तास, अजून चार. रोजचे आठ तास ज्यांचा हिशोबच नाही. तासाला किती धरायचे असं पोरांनी विचारलं तर बायकांनी आपापसात बोलून ६० सांगितले. लाटणावळ हिशोबाला लावली तर तासाला शंभरच्या वर जाते, मग इथे साठच का, तर उत्तर आलं, अगं घासणावळीला लाटणावळीएवढं कोण देतं. हे त्या स्वतःच्याच कामाबद्दल, स्वतःच ठरवत होत्या.

तर आठ साठं चारशेऐंशी, भागिले ४५० पोळ्या, रुपया सात पैसे. (एक मुलगी म्हणाली यातलं अर्धं भाजीच्या हिशोबात टाकायला हवं, बरोबरच होतं तिचं, त्यावर अर्धा तास भांडण झालं, शेवटी भाजीचे भाव रोज बदलतात म्हणून सगळं पोळीवरच टाकलं.) उरले ९३ पैसे. आणि कणीक मळायचं मशीन सहा महिने बंद पडलेलं, त्याच्या दुरुस्तीला फंडात पैसे नाहीत म्हणून कणीक हाताने तिंबायची, तो वेळ तर पोरांनी मोजलाच नव्हता, तोवर दहा दिवस संपले.

मला हे ऐकताना माझी आजी आठवत होती. डिलाईल रोडला चाळीत तिची खाणावळ होती, चौदा-पंधरा गाळेकरी जेवायला, गिरणीच्या पाळ्या सांभाळून डबे. नवीन पिढीला गाळेकरी शब्द माहीत नसेल, तर गावाहून आलेले, एका खोलीत वीस-वीस जण राहणारे गिरणी कामगार, ज्यांची बायकापोरं गावी. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर चालायच्या, मंगळसूत्र गहाण ठेवून महिना काढायच्या. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांचं, पहिल्या १४ जणींना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १५०० रुपये कर्ज मिळालं आणि त्यांनी ते फेडलं, तोवर चाळीतल्या बाईला बँक उभी करत नव्हती. त्याच्या आधी १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, ते लिज्जत, त्यांचं तर सगळ्यांनाच माहीत आहे, तिथे लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. म्हणजे मुंबईत बायकांनी एकत्र येऊन रांधून पोट भरणं नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी, गाळेकरी गावाला गेले ते कित्येक परत आलेच नाहीत, आणि आजीची वही तशीच राहिली. ती वही आमच्याकडे आहे अजून. कुणाचे किती राहिले ते पैशापैशाने लिहिलंय, तेल, रॉकेल, तांदूळ, सगळं. परवा मुद्दाम काढून बघितली. तिच्या स्वतःच्या कामाचा रकाना त्यात पण नाही.

असो. तर केंद्राने बैठक घेतली आणि पोळी १२ केली. एक रुपया त्या आठ तासांचा, जो आता महिन्याला वेगळा वाटला जातो, आणि एक मशीनचा. खिडकीवर पोरांनीच केलेला तक्ता चिकटवला, कणीक एवढे, गॅस एवढा, "भांडी-फरशी-बाजार: १ रु. ७ पैसे". रांगेत एक काका तक्ता वाचून म्हणाले, भांडी घासायचे पैसे आम्ही का द्यायचे. आतून उत्तर आलं, मग तुमची परात तुम्ही घासून जा. मी त्यांच्या मागेच उभा होतो. रोज बारा पोळ्या म्हणजे मला पण दिवसाला २४ रुपये जास्त पडतात, आणि घरी तक्रार करायची सोय नाही, कारण भाव वाढवणारी घरातच बसलीये. पाटीखाली एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर पण आता बाहेर मोठ्या अक्षरात आहे, आधी तो आत फ्रेममध्ये कपाटाच्या मागे होता, पोरांनी विचारलं गिऱ्हाईकाला दिसत नाही तर उपयोग काय.

आता तक्रारी, सांगतो म्हटलं होतं म्हणून.

एक, लेबलं. पोरांच्या दुसऱ्या आठवड्यात संकष्टी आली. आमच्या आईची संकष्टी कडक, दिवसभर उपास, चंद्रोदयाला जेवण, कांदा-लसूण नाही. पाकिटावर स्वच्छ अक्षरात "बिनकांदा-लसूण" लिहिलेलं, बालबोध वळणदार अक्षर, मी निर्धास्त. आईने पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. आत लसणाची फोडणी दिलेली दुधीची भाजी. चाळीस वर्षांचा रेकॉर्ड होता म्हणे. त्या रात्री तिने दूध-केळ्यावर भागवलं आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कन्येचं म्हणणं लेबल तिने लावलंच नव्हतं. मी खिडकीवर जाऊन जरा चढ्या आवाजातच बोललो, पोरांच्या हातात लेबलं देताच कशाला म्हणून. मोठ्या ताईंनी पोरांवर ढकललं नाही हे सांगायला हवं, पाकीट सील करताना उघडून बघायचं काम आमचं, चुकलं, असं सरळ म्हणाल्या आणि पैसे परत दिले. पोरांनी मग रबराची आयडिया काढली, लाल रबर म्हणजे कांदा-लसूण, हिरवं रबर म्हणजे बिन, आणि रबर भाजी भरणाऱ्या बाईनेच लावायचं, लेबल नंतर. लेबल चुकलं तरी रबर सांगतं. ही पद्धत पोरं गेल्यावरही चालू आहे. आईने महिनाभर तिथलं काही खाल्लं नाही, आता खाते, पण रबर स्वतः बघते.

दोन, तो फोटोचा दिवस. शाळेने शेवटच्या दिवशी बॅनर लावला, कुणीतरी पाहुणे आले, बायकांना एकसारख्या साड्या नेसायला सांगितलं, पोरांना पिवळ्या रेघेच्या आत तव्यापाशी उभं करून फोटो काढले!! दहा दिवस पाळलेला नियम फोटोसाठी मोडला. भाषणं साडेपाचपर्यंत चालली, संध्याकाळच्या पोळ्या पाऊण तास लेट, खिडकीवर ही रांग, आणि शिव्या कुणी खाल्ल्या तर बायकांनी. शाळेला माझी एवढीच विनंती, पुढच्या वर्षी परत पाठवा, नक्की पाठवा, पण बॅनर आणू नका. पाहुण्यांना यायचंच असेल तर त्यांनी दोन ते चार मेथी निवडावी.

तीन, फोन. दुपारी एक ते तीन कुणी उचलत नाही आणि व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका येऊन उत्तर येत नाही, मग आपण समजायचं की ऑर्डर घेतली, आणि गेल्यावर कळतं की नाही घेतली. पोरं होती तेव्हा वहीत उतरवून "ओके" पाठवत होती, ती सवय मागे राहिली असती तर बरं झालं असतं, नाही राहिली. आणि पावसाळ्यात डबा पोचवणारा मुलगा येत नाही, पाणी तुंबलं की विषय संपला, तेव्हा आपली छत्री आणि आपण.

पोरांकडे बघितलं तर, उगाच मोठमोठं बोलत नाही, कन्या काही सुगरण वगैरे झाली नाहीये, तिला पोळी अजून येत नाही. पण परवा घरी बायको नाईट करून आलेली, सिंकमध्ये भांडी, आणि कन्येने मला विचारलं बाबा आज तुझे चाळीस मिनिटं की माझे. घासली मी, मुकाट्याने. तिच्या वर्गातला तो "भांडी कुठे लिहायची" वाला मुलगा अजून दर शनिवारी खिडकीवर येतो, आईने पाठवलेल्या चार भाकऱ्या घ्यायला, त्याला मावशी एक जास्त देतात आणि तो एक जास्तीचे पैसे देतो, यावर त्यांचं दर शनिवारी भांडण होतं.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो निम्मा फोनसाठी आणि निम्मा सोमवारच्या वरणासाठी. ऑर्डर आदल्या रात्री नऊपर्यंत द्या आणि उत्तर आल्याशिवाय धरून चालू नका. रविवारी बंद. स्वतःचा स्टीलचा डबा नेलात तर पिशवीचे पैसे कमी करतात, न सांगता नाही, मागावं लागतं. बुधवारी भाकरीसाठी सातच्या आत पोचा. आणि संकष्टीला लेबल नाही, रबर बघा, हिरवं.